भाचा वेल्डर, पासपोर्ट ईसीआर, एजंट म्हणतो व्हिजिटवर पाठवतो. काय करावं?

चिंचनाका | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण इथे आखातात वर्षं काढलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

माझ्या ताईचा मुलगा, वय २४. दहावीला गणितात गेला तो परत बसलाच नाही. लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, हात चांगला आहे. पासपोर्ट काढला तर त्यावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामाला जायच्या आधी सरकारी मंजुरी हवी) छापून आलं. गावातल्याच एकाच्या ओळखीने मुंबईचा एजंट मिळाला. शारजाची कंपनी, १२०० दिरहॅम, राहायला कंपनीची खोली, जेवण आपलं. एजंटाचे ९०,००० रुपये. त्यातले १५,००० टोकन म्हणून देऊन झालेत आणि पासपोर्टही त्याच्याकडेच आहे.

आता तो म्हणतो, ईसीआरमुळे एम्प्लॉयमेंट व्हिसाला फार वेळ लागेल. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे कंपनी तो कामाच्या व्हिसात बदलून घेईल. उरलेले ७५,००० शुक्रवारपर्यंत द्या. ताईने बांगड्या काढून ठेवल्यात. मला खटकतंय, पण नेमकं काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. ऑफर लेटर म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आलाय. त्यात बेसिक ६०० आणि अलाउन्स ६०० असं लिहिलंय, खाली गोल शिक्का.

---

गोट्या_दापोली | मंगळवार, रात्री १०:०५

आमच्या वाडीतले निम्मे असेच गेलेत. व्हिजिटवर जायचं, तिकडे कन्व्हर्ट करायचं. मी स्वतः तसाच गेलो, सहा वर्षं राहिलो, घर बांधलं. इथे आता लोक घाबरवून सोडतील तुम्हाला. पोराला जाऊ द्या.

---

टाइमकीपर | मंगळवार, रात्री ११:३०

चिंचनाका, शुक्रवारी एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी २००४ ते २०२२ शारजात एका काँट्रॅक्टिंग कंपनीत होतो. आधी टाइमकीपर, नंतर पगाराचं सगळंच माझ्याकडे. सुरुवातीला पगार पाकिटातून व्हायचा. साइटवर टेबल टाकायचं, रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा, आणि पाकीट हातात. पाकिटात किती होते हे देणारा आणि घेणारा सोडून कुणाला ठाऊक नसे. रजिस्टरमध्ये ८०० आणि पाकिटात ६५०, असलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तक्रार केली तर मालक रजिस्टर पुढे करायचा. सही तुझीच ना?

२००९ मध्ये युएईने वेज प्रोटेक्शन सिस्टिम आणली. डब्ल्यूपीएस म्हणतात. तेव्हापासून पगार बँकेतून किंवा एक्स्चेंज हाउसमधूनच द्यायचा. महिना संपला की मी हजेरीवरून एक फाइल बनवायचो, तिला 'सिफ' म्हणायचे. एका कामगाराची एक ओळ: त्याचा चौदा आकडी नंबर, किती दिवस भरले, ठरलेला पगार किती, ओटी (ओव्हरटाइम) वगैरे वरचं किती, बिनपगारी रजा किती. फाइल गेली की पैसे कामगाराच्या कार्डावर आणि तीच माहिती लेबर मिनिस्ट्रीकडे. ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवस उलटले की कंपनी थकबाकीदार धरली जायची. मग तिचे नवे वर्क परमिट अडायचे. मालकाला पोरांची दया नसायची, पण परमिट अडले की पुढच्या कामाला माणूस आणता येत नाही. म्हणून पगाराच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी चार फेऱ्या मारायचा.

आता मुद्दा. तो चौदा आकडी नंबर वर्क परमिट निघाल्याशिवाय मिळत नाही. व्हिजिटवर आलेल्या पोराला माझ्या फाइलमध्ये ओळच नसायची. त्याने तीन महिने भर उन्हात बीम जोडले तरी मिनिस्ट्रीच्या लेखी त्या कंपनीत असा माणूस नाही. पगार बुडाला असं म्हणायला आधी पगार असावा लागतो ना!

२०१३ साली मंडणगडकडचा एक पोरगा असाच आला होता. आमच्याकडे नाही, आमच्या सबकाँट्रॅक्टरकडे. दोन महिने "तुझं प्रोसेसमध्ये आहे" ऐकत राहिला. व्हिजिटची मुदत संपली आणि त्याच्यावर रोजचा दंड चढायला लागला. तो दंड आता दिवसाला ५० दिरहॅम आहे, तेव्हा जास्त होता. पगाराबद्दल बोलला तर फोरमन म्हणाला, "जा तक्रार कर, आधी दंड भरायला पैसे आण." शेवटी आम्ही कोकणातली पोरं मिळून तिकिटाचे आणि दंडाचे पैसे जमवले. काम केलं त्याचा एक दिरहॅम त्याला मिळाला नाही.

गोट्या म्हणतो ते अर्धं खरं आहे. तिकडेच राहून व्हिसाचं स्टेटस बदलता येतं, ते कायदेशीर आहे. पण ते होईपर्यंत काम करणं बेकायदेशीर. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहॅम दंड आहे. धाड पडली की तो मालक सगळ्यात आधी काय म्हणेल? "ह्याला मी ओळखतच नाही."

---

शाल्मली | बुधवार, सकाळी ८:१५

टाइमकीपर काकांनी तिकडची बाजू मांडली, मी इकडची सांगते. कामगार कायद्याची वकिली करते, त्यामुळे थोडं रुक्ष होईल.

ईसीआर म्हणजे शिक्षा नाही. १९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टखाली, दहावी न झालेला माणूस ठरावीक १८ देशांत कामाला जात असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आखाताचे सहाही देश त्यात आहेत. ही मंजुरी आता सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. तिथे मालक नोंदलेला असतो, कराराची प्रत असते, पगार लिहिलेला असतो. एजंटाला नको असतं ते नेमकं हेच. "वेळ लागतो" याचा अर्थ "माझं नाव कागदावर येतं".

पैशाचं बघा. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४००, तेही पावतीवर. ९०,००० कुठल्या हिशेबाने? शिवाय युएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात (लागू फेब्रुवारी २०२२ पासून) भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं स्पष्ट आहे.

मंजुरी घेऊन गेलेल्याचा प्रवासी भारतीय बीमा योजनेत १० लाखांचा अपघाती विमा उतरतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर. व्हिजिटवर गेलेला मुलगा साइटवर पडला तर त्याच्या आईला यातलं काही मिळत नाही.

चिंचनाका, आज एवढंच करा: एजंटाकडे परवाना क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटवर ताडून पाहा. गावातला जो मधला माणूस आहे त्याला कायद्यात काहीही स्थान नाही. आणि पासपोर्ट परत मागा. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, एजंटाने तारण म्हणून ठेवायची वस्तू नाही.

---

चिंचनाका | बुधवार, दुपारी १:५०

मनापासून धन्यवाद. परवाना क्रमांक विचारला. उत्तर जसंच्या तसं: "मामा, तुम्हाला पोराला पाठवायचंय की इन्क्वायरी बसवायचीय?" नंबर दिला नाही. मग म्हणाला, तुमच्यामागे चौदा जण लायनीत आहेत.

ताई मात्र माझ्यावरच चिडलीय. म्हणते, शेजारच्यांचा गेला, त्याचं काही वाईट झालं का? भाच्याने तर दोन दिवस माझा फोनच घेतला नाही.

---

दोहाकर | बुधवार, संध्याकाळी ६:२०

मी कतारमध्ये आहे, मेकॅनिकल सुपरवायझर. इथलं सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

इथे येणाऱ्याची बोटं, डोळे, मेडिकल सगळं मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये होतं आणि करार तिथेच सही होतो, विमानात बसायच्या आधी. एजंटाने सांगितलेला पगार आणि स्क्रीनवरचा पगार वेगळा निघाला तर माणूस तिथून घरी जाऊ शकतो. माझ्या ओळखीतले दोघे गेले. एकाला १६०० सांगितले होते, स्क्रीनवर १०००.

तो १००० चा आकडा उगाच नाही. मार्च २०२१ पासून इथे सगळ्यांना, घरकामगारांनासुद्धा, किमान वेतन लागू आहे: १००० रियाल बेसिक, मालकाने खोली दिली नाही तर वर ५००, जेवण दिलं नाही तर ३००. युएईत खाजगी क्षेत्रात आपल्या लोकांसाठी असा तळच नाही. दुसरं म्हणजे २०२० मध्ये एनओसीची अट गेली. पूर्वी मालकाने चिठ्ठी दिल्याशिवाय नोकरी बदलता यायची नाही. आता कायद्याने नोटीस देऊन बदलता येते.

कायद्याने म्हणालो. माझ्या आधीच्या कंपनीने (नाव नको) चार महिने पगार लटकवला होता. डब्ल्यूपीएस इथेही २०१५ पासून आहे, सिस्टिमला दिसत होतं, कंपनीचे व्यवहार अडलेही. पण ज्या कंपनीकडे पैसाच उरला नाही तिचं अडवून अडवून काय अडवणार? आम्ही कामगारांचे तंटे सोडवणाऱ्या कमिटीकडे गेलो, निकाल आमच्या बाजूने लागला, पैसे सरकारी फंडातून आले. मधले सात महिने कॅम्पात डाळ-भात, तोही उधारीचा. सिस्टिम खोटी नाही, पण सावकाश आहे. आणि घरचा हप्ता दर पाच तारखेला असतो.

---

गोट्या_दापोली | बुधवार, रात्री ९:००

सगळे कायद्याची पुस्तकं उघडून बसलेत. कार्डावर पगार येतो म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. टाइमकीपर काका, खरं सांगा, कार्डं कुणाकडे असायची?

---

टाइमकीपर | बुधवार, रात्री १०:४५

गोट्या, बरोबर जागी मारलास. सांगतो.

आमच्या कॅम्पाला लागून दुसऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. २०१५-१६ ची गोष्ट. त्यांचा एक फोरमन पगाराच्या रात्री एटीएमशी उभा असायचा, एकटा. मागे लाइन लागायची आणि लोक वैतागायचे, कारण हा बाजूला होतच नसे. एकदा मी मागे होतो. त्याच्या हातात तांबड्या रबराने बांधलेली कार्डांची गड्डी. चाळीसएक असतील. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने चार आकडे. एक कार्ड घालायचं, चिकटपट्टी बघून पिन दाबायचा, पैसे काढायचे, पुढचं कार्ड. मिनिस्ट्रीच्या लेखी त्या चाळीस जणांना महिन्याचे हजार मिळत होते. खोलीवर गेल्यावर प्रत्येकाच्या हातात सातशे. उरलेल्याला ते लोक 'कॅश बॅक' म्हणायचे, एकदम मॉलमधली स्कीम असल्यासारखं.

कुणी तक्रार का नाही केली? प्रत्येकाने गावाकडे लाख-सव्वा लाख व्याजाने उचललेले. कार्ड मागितलं की परमिट रद्द, परमिट रद्द की परत घरी, आणि दारात सावकार. म्हणून म्हणतो, एजंटाला ९०,००० दिलेला पोरगा आणि पावतीवर ३५,४०० दिलेला पोरगा, दोघांची तिकडे तोंड उघडायची ताकद सारखी नसते. कर्ज फिटेपर्यंत पहिला गप्पच राहतो.

बेसिकचंही सांगायचं राहिलं. ६०० अधिक ६०० म्हणजे १२०० झाले असं वाटतं, पण ओटी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर निघतात. ६०० बेसिकवर तासाचे अडीच दिरहॅम. ओटीला त्यावर सव्वापट, म्हणजे ३.१२. बेसिक १००० असता तर ५.२० पडले असते. ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक: ६०० वर ४२० दिरहॅम, १००० वर ७००. हातात येणारा आकडा तोच ठेवून कंपनी बेसिक कापते, ते पोरांना कळू नये म्हणूनच.

आणि तो फोटो ऑफर लेटर नव्हे. खरं ऑफर लेटर मिनिस्ट्रीच्या नमुन्यातच असतं. अरबी, इंग्रजी आणि कामगाराची भाषा. मराठी नाही मिळत, हिंदी मिळतं. वर व्यवहाराचा नंबर असतो, तो मिनिस्ट्रीच्या साइटवर टाकला की कागद दिसतो. दिसला नाही तर तो शिक्का मुंबईच्या कुठल्याही गल्लीत मिळतो.

---

कोयता_५१ | गुरुवार, पहाटे ५:५५

तुमचं दुबईपुराण वाचतोय. मी धारूरकडचा, आई-बापाने वीस हंगाम ऊस तोडला. हे सगळं वाचून हसू आलं, कारण एजंटाच्या जागी मुकादम ठेवा, टोकनच्या जागी उचल ठेवा, गोष्ट तीच. फरक इतकाच की तुम्ही एजंटाला पैसे देता आणि आम्ही मुकादमाकडून घेतो. अडकतो दोघंही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल लाखाच्या पुढे, हंगाम संपला तरी फिटत नाही. २०२४ च्या जानेवारीत दर वाढून टनाला ३६६ झाला. पण टन मोजतो कारखाना, मांडतो मुकादम, आणि वहीही त्याचीच. आमची माणसं बेळगावच्या कारखान्यांवर जातात म्हणजे राज्य ओलांडतात. त्यांच्यासाठी १९७९ चा कायदा होता ना? ठेकेदाराने प्रत्येकाला फोटोचं पासबुक द्यायचं, त्यात पगार-उचल लिहायची, असं त्यात होतं. आमच्या तांड्यावर असलं पासबुक कुणी बघितलेलं नाही. इथे कुणी बघितलंय?

---

शाल्मली | गुरुवार, सकाळी ९:३०

@कोयता, पासबुक मीही एकदाच पाहिलंय, तेही कोर्टात दाखल केलेलं कोरं करकरीत. त्या कायद्यात महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ताही होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यांत विरघळला. प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. मजुरांची व्याख्या रुंदावली हे मात्र खरं, ठेकेदाराशिवाय स्वतःहून गेलेलाही आता स्थलांतरित धरला जातो. यावर खरंच वेगळा धागा काढा, मी लिहीन.

आपल्याकडच्या सरकारचंही सांगते, सगळं अरबांवर नको. २०२० च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने आखातासाठीची किमान संदर्भ वेतनं (ज्याच्या खालच्या पगारावर आपलं सरकार मंजुरी देत नाही ते आकडे) बरीच खाली आणली. करोनात नोकऱ्या टिकाव्यात हे कारण दिलं. तेलंगणातून मोठी ओरड झाली आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्या कोकणातून किती जणांनी हूं की चूं केलं?

---

संपादक | गुरुवार, सकाळी १०:१०

ऊसतोडीची चर्चा नव्या धाग्यावर न्यावी. एजंटांची नावं-नंबर इथे टाकू नयेत, दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

मीनाक्षी_खेड | गुरुवार, दुपारी ३:००

एक बाईंचा मुद्दा. माझी चुलत सासू कुवेतला घरकामाला होती. तिथे व्हिसा १८ म्हणजे कंपनीचा आणि व्हिसा २० म्हणजे घरकामाचा, दोघांचे नियम वेगळे. ती २० वर गेली आणि ते तिला विमानतळावर कळलं. आधी "हॉस्पिटलात क्लीनर" सांगितलं होतं. चार वर्षं एकाच घरात. पगार मिळाला, बुडाला नाही, पण सुट्टीचा दिवस म्हणजे काय ते ती विसरली होती. आली तेव्हा शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी उठून अंगण झाडत बसायची, कुणी सांगितलं नसताना. व्हिसावर कामाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचून घ्या एवढंच सांगायचंय.

---

चिंचनाका | पाच आठवड्यांनी, रविवार

मंडळी, धागा वर काढतो.

त्या शुक्रवारी पैसे दिले नाहीत. शाल्मलीताईंनी सांगितलं तसं एजंटाला मेसेज लिहिला: पासपोर्ट दिला नाहीत तर ई-मायग्रेटवर आणि पोलिसांत दोन्हीकडे तक्रार. तिसऱ्या दिवशी मधल्या माणसाने पासपोर्ट आणून दिला, पायरीवरूनच. १५,००० गेले ते गेले. "प्रोसेसिंगला खर्च झाले" म्हणतो, पावती नाही. तक्रार केली आहे, बघू.

ताई पंधरा दिवस बोलत नव्हती. मग त्याच एजंटाने पाठवलेल्या दुसऱ्या एका पोराचा त्याच्या आईला फोन आला. तो तिकडे गेल्यापासून काम शोधतोय, व्हिजिटचे थोडेच दिवस उरलेत. ती बाई ताईकडेच रडायला आली. त्यानंतर ताईने बांगड्या घातल्या.

भाच्याला ओपन स्कूलमधून दहावीचा फॉर्म भरायला लावलाय. गणिताची शिकवणी माझी बायको घेते, रोज भांडण. दरम्यान परवाना असलेल्या एका एजन्सीकडे मुंबईला ट्रेड टेस्ट देऊन आला. पाइप वेल्डिंगची अवघड चाचणी, ६जी, जमली नाही; प्लेटची सोपी, ३जी, पास. अबूधाबीची कंपनी आहे. ऑफर लेटर हिंदीत आहे, नंबर साइटवर टाकून बघितला, निघाला! फी ३५,४००, पावतीवर. पगार १३००, त्यात बेसिक ९००. ईसीआरची मंजुरी एजन्सी करतेय.

टाइमकीपर काका, भाचा विचारतोय, ह्यात ओटी किती पडेल?

---

टाइमकीपर | रविवार, रात्री ९:१५

९०० भागिले ३० भागिले ८, तासाचे ३.७५. ओटीला सव्वापट, म्हणजे ४.६८. रात्री दहा ते पहाटे चार असेल तर दीडपट, ५.६२. रोजची ओटी त्याने स्वतःच्या वहीत लिहायची, तारीख घालून. टाइमकीपरवर भरवसा नको, मी होतो म्हणून सांगतो.

१५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, तेव्हा कुणी उभं केलं तर तेही लिहायचं. ऑफर लेटरचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा, तुमच्याही ठेवा. आणि कार्ड मिळालं की पिन आधी बदलायचा. फोरमन अगदी आपल्या खेडचा निघाला तरी सांगायचा नाही.

---

गोट्या_दापोली | रविवार, रात्री ९:४०

काका, खेडचा निघाला तर मुळीच नाही. ३जी पास झाला म्हणजे हात खरंच चांगला आहे. पोराला म्हणावं जायच्या आधी ६जीचा सराव कर, तिथे पाइप वेल्डरला वेगळा भाव असतो. माझ्याकडे जुने पाइपचे तुकडे पडलेत, येऊन घेऊन जा.